जुनं स्मार्टवॉच बदलायचं की अजून वापरायचं? नवं घेण्याआधी या गोष्टी तपासा

अमरावती/अकोला : सोयाबीन निघते, हातात चार पैसे येतात आणि नेमकी त्याच वेळी मोबाइलच्या दुकानांत दिवाळीच्या सवलतीचे फलक लागतात. अमरावतीचा राजकमल चौक असो, अकोल्याचा गांधी रोड असो की दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरचं बाजारपेठेतलं दुकान, काचेआड नव्या स्मार्टवॉचची रांग असतेच. घरात मात्र चार-पाच वर्षांआधी घेतलेलं घड्याळ मनगटावर असते. चार्जिंग लवकर उतरते, पट्टा एका बाजूने फाटलेला असतो. पोरगा म्हणतो, "बाबा, आता नवं घेऊन टाकू." बाप म्हणतो, "कायले? टाइम तर दाखवते ना!"

दोघांचंही म्हणणं खरं असू शकते. घड्याळ किती जुनं आहे यापेक्षा ते कोणत्या कामासाठी वापरतो, यावर हा निर्णय ठरतो. म्हणून आधी काम ठरवा, मग घड्याळ तपासा आणि शेवटी पैसे काढा.

पैशाचा हिशेबही आपल्या मालात करून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. म्हणजे अडीच हजारांचं घड्याळ हमीभावाने सुमारे ४७ किलो सोयाबीनचं झालं आणि दहा हजारांचं जवळपास एक क्विंटल ८८ किलोचं. बाजार समितीत भाव त्याखाली मिळाला तर किलो आणखी वाढतात.

जुनं म्हणजे कोणतं जुनं?

स्मार्टवॉच हा प्रकार फार जुना नाही. अमेरिकेतल्या पेबल कंपनीने २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून घड्याळ बनवायला घेतलं, तेव्हा एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमा झाली. अॅपल वॉच एप्रिल २०१५ मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात विकायला लागलं. शाओमीचा मी बँडही २०१५ मध्येच भारतात आला. किंमत होती ९९९ रुपये. त्याला स्क्रीनच नव्हती, तीन बारीक दिवे तेवढे लागायचे. त्यानंतर नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्टट्रॅक अशा देशी नावांची स्वस्त घड्याळं आली आणि स्मार्टवॉच तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचलं.

आपल्याकडे कोरोनाच्या काळातही यांची मोठी जाहिरात झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत दुसऱ्यांदा लॉकडाऊन लागला, तेव्हा ऑक्सिजन दाखवणारं घड्याळ हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. त्या वेळी घेतलेली घड्याळं आता जुनी झाली आहेत, त्यामुळे बदलायचं की नाही हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

नवं ते चांगलंच, असं नाही

एक उदाहरण पाहा. २०१८ मध्ये भारतात आलेल्या अमेझफिट बिप या घड्याळाची स्क्रीन उन्हाच्या उजेडातच जास्त स्पष्ट दिसते. चार्जिंग अनेक दिवस टिकते आणि घड्याळातच जीपीएस आहे. आज दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या अनेक नव्या घड्याळांची स्क्रीन मोठी आणि रंगीत असते. त्यांच्यावरून मोबाइलचा कॉलही घेता येतो. पण त्यांतल्या बहुतेकांत स्वतःचं जीपीएस नसते आणि कॉलिंग सुरू ठेवलं तर चार्जिंग दोन-तीन दिवसांतच संपते.

म्हणजे जुनं देऊन नवं घेणारा काही गोष्टी मिळवतो आणि काही गमावतो. पेटीवर वैशिष्ट्यांची लांब यादी असते. त्यातली आपल्या कामाची किती, ते बोटावर मोजून पाहावं.

अॅप बंद पडलं की घड्याळ अडलं

साधं घड्याळ स्वतःच्या बळावर चालते. स्मार्टवॉचचं अर्धं काम मोबाइलमधलं अॅप करते. त्यामुळे यंत्र चांगलं असूनही घड्याळ निकामी होऊ शकते.

पेबलचं तसंच झालं. डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिट कंपनीने पेबलचा कारभार विकत घेतला आणि ३० जून २०१८ ला पेबलची ऑनलाइन सेवा बंद झाली. घड्याळं धडधाकट होती, पण हवामान, नवी अॅप्स, बोलून लिहिणं अशा सोयी गेल्या. पुढे वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन पर्यायी सेवा उभी केली. पहिल्या पिढीच्या अॅपल वॉचलाही २०१८ चं नवं सॉफ्टवेअर मिळालं नाही. शाओमीच्या बँडचं मी फिट अॅप २०२२ मध्ये झेप लाइफ झालं, तेव्हा जुन्या नावाने शोधणाऱ्यांचा गोंधळ उडाला.

नाव नसलेल्या स्वस्त घड्याळांत हा धोका जास्त. पेटीवरचा चौकोनी कोड स्कॅन करून कुठलं तरी अॅप घ्यावं लागते. दोन वर्षांनी मोबाइल बदलला की ते अॅप सापडत नाही. मग घड्याळ फक्त वेळ दाखवते, आणि चार्जिंग पूर्ण संपलं की वेळही चुकते, कारण बऱ्याच घड्याळांना वेळ मोबाइलकडूनच मिळते.

सिमकार्डवाली जुनी टू-जी घड्याळं असतील, त्यांचंही लक्षात घ्या. जिओकडे टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही.

बॅटरीचं वय ओळखा

या घड्याळांत लिथियमची छोटी बॅटरी असते. काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद कमी होत जाते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ दोन वर्षांत सातशेवर वेळा चार्ज होते. आठवड्यातून एकदा चार्ज होणारा बँड तेवढ्याच काळात शंभरेक वेळा. म्हणून पाच वर्षांचा साधा बँड अजून चालतो आणि दोन वर्षांचं महागडं घड्याळ संध्याकाळपर्यंत मान टाकते.

नामांकित कंपन्यांच्या महाग घड्याळांची बॅटरी अधिकृत सेवा केंद्रात बदलून मिळू शकते. आधी खर्च विचारा. नव्या घड्याळाच्या पाव-तिसऱ्या हिश्शात काम होत असेल तर बॅटरी बदलणं परवडते. स्वस्त घड्याळांची मात्र काच चिकटवलेली असते. ती उघडली की पाणी अडवणारं सील जाते आणि मजुरी घड्याळाच्या किमतीला भिडते.

काच एका बाजूने वर आली असेल किंवा मागचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली असं समजा. ते घड्याळ हातात घालू नका, चार्जिंगला लावू नका, दाबून किंवा टोचून पाहू नका. हे घड्याळ लगेच बाजूला काढायचं. इथं दुसरा विचार नाही.

वऱ्हाडातलं ऊन, धूळ आणि फवारणी

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अॅपल स्वतःच्या साध्या मॉडेलसाठी वापराचं तापमान शून्य ते ३५ अंश सांगते. अल्ट्रा या महाग मॉडेलची मर्यादा ५५ अंशांपर्यंत आहे. म्हणजे भर दुपारी वावरात, दुचाकीच्या टाकीवर किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेलं घड्याळ मर्यादेबाहेर जाते. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा रात्री, सावलीतच करावं.

पेटीवरचं आयपी ६८ हे चिन्ह पाहून पुष्कळ जण निर्धास्त होतात. त्यातला ६ चा आकडा धुळीसाठी आणि ८ चा पाण्यासाठी असतो. पण ही चाचणी नव्या घड्याळावर आणि स्वच्छ पाण्यात होते. साबण, गरम पाणी, घाम, फवारणीचं औषध यांचा त्यात विचार नसतो. शिवाय सील वर्षागणिक कमजोर होते. पहिल्या वर्षी पावसात टिकलेलं घड्याळ चौथ्या वर्षी टिकेलच असं नाही.

फवारणीच्या वेळी घड्याळ घरीच काढून ठेवावं, नवं असो की जुनं. औषधाचे थेंब पट्ट्याखाली शिरतात आणि कातडीला चिकटून राहतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विदर्भ विसरलेला नाही. चुकून घड्याळ राहिलंच तर पट्टा काढून घड्याळ आणि मनगट दोन्ही धुवावं.

पोलीस भरतीवाल्या पोरांनी काय पाहावं?

पहाटे अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरापासून ते खेड्यातल्या डांबरी रस्त्यापर्यंत भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणं असते. त्याला २० गुण आहेत. इथं घड्याळाचा खरा उपयोग आहे आणि चुकीच्या घड्याळाने खरं नुकसानही आहे.

घड्याळात स्वतःचं जीपीएस नसेल तर ते हाताच्या हालचालीवरून पावलं मोजते आणि त्यावरून अंतराचा अंदाज काढते. समजा, अंदाज पाच टक्क्यांनी चुकला. मग १६०० मीटर दाखवलं तेव्हा पोरगा प्रत्यक्षात सुमारे १५२० मीटरच धावलेला असतो. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर काढणाऱ्यासाठी हे ८० मीटर म्हणजे सोळा-सतरा सेकंद. सरावात वाटते, वेळ चांगली बसली. मैदानावर गेल्यावर गुण कमी पडतात.

तपासायची सोपी रीत आहे. ४०० मीटरच्या आखलेल्या मैदानावर आतल्या रेषेने चार फेऱ्या मारा आणि घड्याळ किती अंतर दाखवते ते पाहा. तीन वेगवेगळ्या दिवशी करा. फरक दरवेळी सारखाच येत असेल तर तो लक्षात ठेवून जुनं घड्याळ वापरता येते. फरक कधी कमी, कधी जास्त येत असेल तर अंतरासाठी त्यावर विसंबू नका. मैदान जवळ असेल तर दोनशे रुपयांचं साधं स्टॉपवॉचही पुरते. मैदान नाही, रस्त्यावरच सराव आहे, अशांनी जीपीएसवालं घ्यायचा विचार करावा.

घेताना पेटीवर बिल्ट-इन जीपीएस लिहिलेलं आहे का ते पाहा. कनेक्टेड जीपीएस लिहिलं असेल तर घड्याळ मोबाइलचं जीपीएस वापरते, म्हणजे धावताना मोबाइल सोबत बाळगावा लागतो. घड्याळातलं जीपीएस उपग्रहावर चालते, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. त्यामुळे धारणी-चिखलदऱ्यात रेंज नसलेल्या गावातही ते अंतर मोजते, फक्त सुरुवातीला जागा पकडायला थोडा वेळ घेते.

आणखी एक. प्रत्यक्ष भरतीत वेळ भरतीची यंत्रणाच मोजते आणि लेखी परीक्षेला स्मार्टवॉच आत नेऊ देत नाहीत. घड्याळ सरावापुरतंच.

कास्तकाराच्या कामाचं किती?

शेतीपंपाची वीज काही दिवस रात्रपाळीत असते. रात्री दोन वाजता ओलितासाठी उठायचं तर मनगटावर थरथरणारा अलार्म उपयोगी पडतो, घरातल्यांची झोपही मोडत नाही. हे काम सगळ्यात स्वस्त जुना बँडही करतो. त्यासाठी नवं घ्यायची गरज नाही.

हात चिखलाने भरले असताना कॉल घेता यावा, यासाठी ब्लूटूथ कॉलिंग सोयीचं आहे. पण मोबाइल साधारण दहा मीटरच्या आत लागतो. मोबाइल धुऱ्यावरच्या झाडाखाली आणि माणूस तासाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर कॉल येत नाही. स्वतःचं सिम असलेली घड्याळं महाग आहेत, त्यांचा वेगळा प्लॅन घ्यावा लागतो आणि रेंज तर लागतेच.

दुपारी उन्हात स्क्रीन दिसते का, हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. दुकानदाराला सांगून घड्याळ बाहेर रस्त्यावर आणून पाहावं.

बीपी आणि शुगर : इथं फसू नका

घरातल्या वयस्क माणसासाठी घड्याळ बदलायचं असेल तर हा भाग नीट वाचावा.

घड्याळाच्या मागचा हिरवा उजेड कातडीखालच्या रक्ताच्या ठोक्यावरून नाडी मोजतो. माणूस स्थिर बसला असेल आणि पट्टा नीट बसला असेल तर आकडा बराच जवळ येतो. पट्टा सैल असला, हात हलत असला की चुकतो. रक्तदाबाचं तसं नाही. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत रक्तदाबाची सोय आहे, तिथंही दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी दर २८ दिवसांनी जुळवणी करावी लागते. मग दीड हजाराच्या घड्याळात कुठलीही जुळवणी न करता दिसणारा बीपीचा आकडा कितपत खरा, हे समजून घ्यावं.

शुगरचा दावा तर आणखी धोक्याचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की कातडीला न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉच किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही. चुकीचा आकडा पाहून इन्सुलिन किंवा गोळी कमी-जास्त केली तर जिवावर बेतू शकते. टोचून लावलेल्या सेन्सरचा आकडा काही घड्याळांवर पाहता येतो, पण ती वेगळी गोष्ट आहे. तिथं घड्याळ फक्त आकडा दाखवते, मोजत नाही.

महाग घड्याळांत ईसीजी असतो. तो ठोक्यांतली अनियमितता पकडू शकतो, पण हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. खुद्द अॅपलच तसं सांगते. छातीत दुखत असेल, घाम सुटला असेल आणि घड्याळ सगळं ठीक दाखवत असेल, तरी घड्याळाकडे पाहत बसू नका. १०८ ला फोन करा.

बीपीसाठीच पैसे काढायचे असतील तर नव्या घड्याळाऐवजी दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र घ्यावं. ते एकदा गावच्या उपकेंद्रात किंवा डॉक्टरकडच्या यंत्राशी ताडून पाहावं. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसासाठी पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ उपयोगी आहे. अॅपलने ही सोय २०१८ मध्ये सिरीज ४ पासून दिली. मात्र माणूस ते रोज चार्ज करून घालणार असेल तरच त्याचा फायदा.

घरच्या घरी पाच तपासण्या

१. चार्जिंग : पूर्ण चार्ज करून नेहमीसारखं वापरा. घेतलं तेव्हाच्या निम्म्याहूनही कमी टिकत असेल तर बॅटरी थकली.

२. अॅप : ते अॅप अजून प्ले स्टोअरवर आहे का, शेवटचं कधी सुधारलं, हे पाहा. नव्या मोबाइलवर एकदा जोडून पाहा.

३. नाडी : पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि घड्याळाशी ताडा. पाचाहून जास्त फरक वारंवार येत असेल तर आकड्यावर भरवसा नको.

४. अंग : काच, झाकण, बटण, चार्जिंगच्या पिना पाहा. पिना काळ्या पडल्या असतील तर कोरड्या मऊ कापडाने पुसा. घड्याळ चार्ज होत नाही म्हणून फेकण्याआधी हे करून पाहावं.

५. पट्टा : नुसता पट्टा तुटला असेल तर घड्याळ बदलू नका. बहुतेक घड्याळांना २० किंवा २२ मिलिमीटरचा पट्टा बसतो आणि तो शे-दोनशे रुपयांत मिळतो.

बदलायचं ठरलंच तर

पक्कं जीएसटी बिल घ्या. घड्याळावर किंवा पेटीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो. सेवा केंद्र अमरावती किंवा अकोल्यात आहे की नागपूरला पाठवावं लागेल, हे आधीच विचारा. तेल्हाऱ्याहून नागपूरच्या दोन चकरा झाल्या की स्वस्त घड्याळ स्वस्त राहत नाही.

वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथं न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू ऑनलाइन घेतली असली तरीही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, म्हणून बिल जपून ठेवा.

जुनं घड्याळ कोणाला देण्याआधी ते मोबाइलपासून तोडा आणि त्यातली माहिती पूर्ण पुसून टाका. मरून पडलेलं घड्याळ उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका, आतली बॅटरी पेटू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात ते जमा करता येईल का, विचारून घ्या.

थोडक्यात

बॅटरी फुगली, अॅप कायमचं बंद झालं, किंवा भरतीच्या सरावासाठी अंतराचा भरवसा उरला नाही, तर बदला. वेळ, अलार्म, पावलं आणि मेसेज दिसणं एवढंच काम असेल आणि जुनं घड्याळ दोन दिवस चालत असेल, तर नवा पट्टा टाका आणि आणखी एक हंगाम काढा. बीपी-शुगरसाठी मात्र ना जुनं कामाचं, ना नवं. त्यासाठी यंत्र वेगळं आणि डॉक्टर वेगळा.